बाय बाय पिकासा... पण नावं सांगून जा!

आवडतं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर कंपनीने बंद केलं की आधी चिडचिड होते, मग शोधाशोध सुरू होते आणि शेवटी नाइलाज म्हणून आपण दुसरं काहीतरी डाउनलोड करतो. या धावपळीत फोटो बहुतेक वेळा वाचतात. हरवतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते हरवल्याचं कळतं खूप उशिरा. ते वाचवायचं कसं?

‘आय अ‍ॅम फीलिंग लकी’ हे बटण आठवतंय? पस्तिशी ओलांडलेल्या कुठल्याही ऑफिसकराला विचारून बघा. आधी चेहऱ्यावर हसू येईल आणि मग उत्तर येईल, ‘‘पिकासा! काय सॉफ्टवेअर होतं यार!’’ लोहगडावर धुक्यात काढलेले पांढुरके फोटो, गोव्याच्या ट्रिपमधले उन्हात काळे पडलेले चेहरे, ऑफिसच्या दिवाळी पार्टीतले लाल डोळे... सगळ्यांवर औषध एकच. एक क्लिक, आणि फोटो उजळला! लेयर्सची भानगड नाही, क्लासची फी नाही, मॅन्युअल वाचायची तर गरजच नाही.

हे पिकासा २०१६ साली बंद झालं. मग त्याबद्दल आज का बोलायचं? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, अनेक घरांमध्ये आई-बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते अजूनही आहे. कंपनीने बंद केलं म्हणून इन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर लगेच चालायचं थांबत नाही. आणि दुसरं कारण तुमच्या हातात आहे. अक्षरशः हातात! मोबाइलवर आज तुम्ही ज्या लाडक्या अ‍ॅपने फोटो सजवता, त्याच्यावरही ही वेळ कधीतरी येऊ शकते. तेव्हा पिकासाच्या गोष्टीतून चार शहाणपणाच्या गोष्टी आत्ताच शिकून घेतलेल्या बऱ्या.

चित्रांचं घर

पिकासाचा जन्म कॅलिफोर्नियातल्या पसादेनाचा. लाइफस्केप नावाच्या छोट्या कंपनीने २००२ साली ते बाजारात आणलं. चित्रकार पिकासो, स्पॅनिशमधलं ‘मी कासा’ म्हणजे ‘माझं घर’ आणि ‘पिक’ म्हणजे फोटो, या सगळ्यांची भेळ करून हे नाव तयार झालं. जुलै २००४ मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली आणि सॉफ्टवेअर फुकट करून टाकलं.

टायमिंग असं की, आपल्याकडे तेव्हा डिजिटल कॅमेरे घराघरांत शिरत होते. पहिल्या-दुसऱ्या पगारातून घेतलेला तीन-चार मेगापिक्सेलचा कॅमेरा, एवढंसं मेमरी कार्ड आणि टेबलाखाली घरघरणारा असेम्बल्ड पीसी. रोल संपायची भीती गेली होती. त्यामुळे एका साखरपुड्याचे चारशे फोटो निघायला लागले आणि ‘डीएससी’ने सुरू होणाऱ्या अगम्य नंबरांच्या फाइल्सनी हार्ड डिस्क भरायला लागली. पिकासा इन्स्टॉल केलं की ते आधी सगळा कॉम्प्युटर धुंडाळायचं आणि कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये पडलेले फोटो तारखेनुसार समोर मांडायचं. विसरलेले फोटो अचानक हजर! (नको असलेलेही हजर व्हायचे, पण ते जाऊ द्या.)

मग क्रॉप करा, तिरका क्षितिज सरळ करा, ‘फिल लाइट’ची पट्टी थोडी सरकवा, लाल डोळे काळे करा, कोलाज बनवा आणि ऑर्कुटवर टाका. सप्टेंबर २००९ मध्ये पिकासाची ३.५ ही आवृत्ती आली आणि तिच्यात चेहरे ओळखायची सोय आली. एकदा नाव दिलं की त्याच चेहऱ्याचे बाकीचे फोटो ते स्वतः शोधून आणायचं आणि विचारायचं, हीच का ती व्यक्ती? बरोबरची खूण करा किंवा फुली मारा. घरगुती कॉम्प्युटरवर, तेही फुकटात, ही जादूच होती.

१२ फेब्रुवारी २०१६ रोजी गुगलने पिकासा बंद करत असल्याचं जाहीर केलं. १५ मार्चपासून डेस्कटॉप सॉफ्टवेअरचा सपोर्ट थांबला, आणि १ मेपासून पिकासा वेब अल्बम्स आवरायला सुरुवात झाली. कारण सरळ होतं. मे २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं होतं आणि कंपनीला दोन दुकानांऐवजी एकाच दुकानाकडे लक्ष द्यायचं होतं. पिकासा कॉम्प्युटरवरच्या फोटोंसाठी जन्मलं होतं, आणि फोटो तोवर मोबाइलमध्ये राहायला गेले होते.

हा काही एकट्याचा मामला नाही

फोटो सॉफ्टवेअरच्या दुनियेत अशा एक्झिट बऱ्याच झाल्या आहेत. ‘पिकनिक’ हे ब्राउझरमध्ये चालणारं गोड एडिटर आठवतंय? २०१० मध्ये गुगलने ते घेतलं आणि एप्रिल २०१२ मध्ये बंद केलं. अ‍ॅपलचं ‘अ‍ॅपर्चर’ २००५ मध्ये थाटात आलं. प्रोफेशनल फोटोग्राफर्सनी त्यात आपली आख्खी लायब्ररी बसवली. जून २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पुढे डेव्हलपमेंट नाही, आणि २०१९ मध्ये आलेल्या मॅकच्या ‘कॅटालिना’ सिस्टिमवर ते चालेनासंच झालं. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोटो गॅलरी’चा सपोर्ट १० जानेवारी २०१७ ला संपला. अडोबीचं ‘लाइटरूम ६’ हे एकदाच पैसे भरून विकत घेता येणारं शेवटचं लाइटरूम ठरलं. २०१५ मध्ये आलेल्या या आवृत्तीचे अपडेट्स २०१७ अखेर थांबले. त्यानंतर मासिक किंवा वार्षिक वर्गणी!

प्रत्येक वेळी कारण थोडं वेगळं असतं. कुठे मोठी कंपनी छोटीला विकत घेते ती तिच्या इंजिनीअर्ससाठी, तिच्या सॉफ्टवेअरसाठी नाही. कुठे फुकट दिलेल्या मालाचा खर्च हिशेबात बसत नाही. कुठे ऑपरेटिंग सिस्टिम बदलते आणि जुना कोड तिच्याशी जुळवून घ्यायला वर्षभराचं काम लागतं. आपण मात्र एकच प्रश्न विचारत बसतो, ‘‘चांगलं चाललं होतं ना, मग बंद का केलं?’’

कधीकधी शेवट गोडही होतो, बरं का. फोटोग्राफर्सच्या आवडीचं ‘निक कलेक्शन’ गुगलने २०१२ मध्ये कंपनीसकट घेतलं, मार्च २०१६ मध्ये फुकट केलं आणि मग त्यावरचं कामच थांबलं. सगळ्यांनी हात टेकले होते. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये फ्रान्सच्या ‘डीएक्सओ’ने ते विकत घेतलं आणि पुढच्या आवृत्त्या काढल्या. ‘पिकनिक’ सोडलेल्या काही इंजिनीअर्सनी ‘पिकमंकी’ नावाचं नवं एडिटर उभं केलं.

कॉम्प्युटर येण्याआधीही हे दुःख होतंच की. कोडॅकची ‘कोडाक्रोम’ फिल्म १९३५ पासून बाजारात होती. जून २००९ मध्ये कंपनीने ती बंद करत असल्याचं सांगितलं, आणि ती धुणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. शेवटचा तयार झालेला रोल कंपनीने फोटोग्राफर स्टीव्ह मॅक्करी यांच्याकडे दिला होता. त्यातल्या काही फ्रेम्स त्यांनी आपल्या भारतात येऊन काढल्या. पण कोडाक्रोमची जुनी स्लाइड आजही खिडकीसमोर धरली की चित्र दिसतं. तिला फक्त उजेड लागतो. सॉफ्टवेअरमधल्या कामाचं तसं नसतं.

देवदास, उड्डाणपटू आणि ‘बघू नंतर’

आवडतं सॉफ्टवेअर गेल्यावर माणसं कशी वागतात, हे बघायला माझ्या ऑफिसइतकी छान जागा नाही. तीन प्रकार दिसतात.

पहिला देवदास. हा जुन्या सॉफ्टवेअरला चिकटून राहतो. त्याच्यासाठी जुना लॅपटॉप जपतो, इंटरनेट बंद ठेवतो, नवीन विंडोजचं नाव काढलं तरी दचकतो. दुसरा उड्डाणपटू. बातमी आली त्या रात्री याने तीन नवीन सॉफ्टवेअर उतरवलेली असतात. दोन महिन्यांनी याचे फोटो चार ठिकाणी चार तुकड्यांत सापडतात. आणि तिसरा, सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘बघू नंतर’. त्याचं काय होतं, हे त्यालाही माहीत नसतं.

तिघांचंही दुःख खरं आहे, हं. कारण सॉफ्टवेअरबरोबर हाताची सवय जाते. पिकासात मी डोळे मिटून फोटो सरळ करायचे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तेच काम कुठल्या मेनूच्या कुठल्या पोटमेनूत लपलंय, हे शोधण्यात आख्खी संध्याकाळ जाते आणि वाटतं, आपण ढ झालोय. तसं काही नसतं. स्वयंपाकघर बदललं की चहाला पण वेळ लागतो. डबे सापडेपर्यंतच काय तो त्रास. पंधरा-वीस दिवसांत हात आपोआप वळायला लागतो.

सवय परत लागते. पुढची गोष्ट मात्र परत येत नाही.

फोटोची पाठ

जुने कृष्णधवल फोटो उलटे करून बघितलेत कधी? मागे पेनाने किंवा पेन्सिलीने लिहिलेलं असतं. साल, गाव, ‘डावीकडून’ असं म्हणून ओळीने नावं. फोटो कुठल्याही अल्बममध्ये लावा, कुठल्याही घरी न्या, मागचं अक्षर त्याच्याबरोबर जातं.

डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते. फाइलच्या आतच थोडी जागा असते, जिथे तारीख, कॅमेरा, कॅप्शन, नावं वगैरे लिहिता येतं. तिला म्हणतात मेटाडेटा. त्यासाठी ‘एक्सएमपी’सारखी ठरलेली पद्धत आहे आणि बरीच सॉफ्टवेअर ती वाचू शकतात. ग्यानबाची मेख इथेच आहे. सॉफ्टवेअर तुमचं काम त्या पाठीवर लिहितं, की स्वतःच्या वहीत?

पिकासाचं उत्तर थोडं इकडे, थोडं तिकडे असं होतं. जेपेग फोटोला दिलेली कॅप्शन ते फाइलच्या आत लिहायचं. पण एडिटिंग? तुम्ही फोटो उजळवला, कापला, सरळ केला तरी मूळ फाइलला ते हात लावायचं नाही. काय काय केलंय याची नोंद त्याच फोल्डरमधल्या ‘पिकासा डॉट आयएनआय’ नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये ठेवायचं. ‘सेव्ह’ दाबलं तरच बदल खऱ्या फाइलमध्ये उतरायचे, आणि मूळ फोटो एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचा. पद्धत चांगलीच होती, कारण मूळ फोटो सुरक्षित राहायचा. पण ‘सेव्ह’ न करता तोच फोल्डर कॉपी करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलात, तर समोर येणार कॅमेऱ्यातून आलेला जुना काळपट फोटो! तुमची मेहनत त्या छोट्या फाइलमध्ये, आणि ती वाचणारा कोणी नाही.

चेहऱ्यांच्या नावांचंही तेच. ती आपोआप फोटोत जायची नाहीत. पिकासाच्या नोंदींमध्येच राहायची. पुढे ३.९ या आवृत्तीत नावं फोटोच्या आत लिहिण्याचा पर्याय आला, पण तो सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करायचा होता.

म्हणजे सॉफ्टवेअर गेलं तरी फोटो राहतो. पाठ कोरी होते.

‘अक्काला विचारणे’

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, आमच्या घरातून कळलं. बाबा २०१० मध्ये रिटायर झाले आणि दोन महिन्यांत कंटाळले. घरात स्कॅनर आला. माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि त्यांनी सातारच्या घरातले हजारभर जुने फोटो एकेक करून स्कॅन केले. मग पिकासा उघडून त्यातल्या माणसांना नावं द्यायला घेतली. रोज सकाळी पेपर आणि चहा झाला की अकरापर्यंत हेच काम.

बाबांना सगळे माहीत नव्हते. ते भावंडांत धाकटे. त्यामुळे मदतीला फोनवर माझी आत्या, बाबांची अक्का. ती तेव्हा सत्तरीची होती आणि घराण्यातली चार पिढ्यांची माणसं तिला तोंडपाठ. बाबा वर्णन करायचे, ती ओळखायची.

‘‘अक्का, वाड्याच्या पायरीवरचा फोटो. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, नऊवारीतली, मोठं कुंकू. ती कोण गं?’’

‘‘अरे, ती वाईची काकू. आणि तिच्या कडेवर रडतोय ना, तो तू!’’

पिकासाही आपल्या परीने हातभार लावायचं. बाबांच्या कॉलेजातल्या फोटोवर त्याने विचारलं, हा तुमचा मुलगा का? बाबा दिवसभर खूश होते. आई आणि मावशीत मात्र त्याचा कायम गोंधळ व्हायचा. तसा तो पाहुण्यांचाही होतो.

असं वर्ष-दोन वर्षं चाललं. २०१८ मध्ये आत्या गेली. त्यानंतर ते काम मागे पडलं. आणि २०२३ च्या पावसाळ्यात बाबांच्या कॉम्प्युटरमधून ‘कट्‌-कट्‌’ असा आवाज यायला लागला. हार्ड डिस्कचं वय झालं होतं. फोटोंची कॉपी काढून ठेवलेली होती. नावं मात्र फक्त त्या एका मशीनवरच्या पिकासामध्ये.

एका शनिवारी मी लॅपटॉप आणि दोन एक्स्टर्नल डिस्क घेऊन गेले. पहिलं काम, सगळ्याची जशीच्या तशी कॉपी. त्यात लपवलेल्या फाइल्सही आल्या आणि पिकासाचा स्वतःचा डेटाबेसही. त्याची दोन ठिकाणी प्रत. मग पिकासा उघडलं. ते इमानदारीत उघडलं! सेटिंगमध्ये जाऊन ‘नावं फोटोत साठवा’ हा पर्याय चालू केला आणि आतापर्यंतची सगळी नावं फाइल्समध्ये लिहायला लावलं. मशीन जुनं, त्यामुळे रात्रभर चाललं. बाबा मध्ये दोनदा उठून बघून आले.

सकाळी ते फोटो माझ्या लॅपटॉपवर ‘डिजिकॅम’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडले. डावीकडे नावांची यादी दिसायला लागली. वाईची काकू आली. तिच्या कडेवरचे बाबा आले. आत्याच्या नावावर क्लिक केलं, तर फ्रॉकमधल्या मुलीपासून चष्म्यातल्या आजीपर्यंत सगळी आत्या एका स्क्रीनवर.

यादीत एक नाव वेगळंच होतं. ‘अक्काला विचारणे’. त्यावर क्लिक केलं, तर अकरा अनोळखी चेहरे. बाबांना ओळखता न आलेली माणसं. पुढच्या फोनवर विचारू म्हणून बाजूला काढून ठेवलेली.

बाबा बराच वेळ त्या अकरा जणांकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘‘हे नाव पुसू नकोस. राहू दे असंच.’’

त्या दिवशी ते अकरा चेहरे चुलत भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले. पुण्यातल्या एका काकांनी दोघांना ओळखलं, अमेरिकेतल्या चुलत बहिणीने तिच्या आईला विचारून आणखी दोघांना. सात अजून तसेच आहेत. सॉफ्टवेअर बंद झाल्यावर नऊ वर्षांनी नाही तर दहा वर्षांनी नवीन मिळतं. सातारच्या घरात १९५० च्या आसपास कोण कोण राहत होतं, हे सांगणारं माणूस तसं मिळत नाही.

नवं घर बघताना

तुम्ही पुण्या-मुंबईत भाड्याने राहत असाल तर पुढचा फंडा तुम्हाला चटकन कळेल. सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याचं घर आहे. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. मालक चांगला असेल, भाडं शून्य असेल, पण घर त्याचं आहे. तेव्हा आत शिरतानाच विचारायचं, ‘‘उद्या जावं लागलं तर माझं सामान मला नेता येईल ना?’’

गुगल फोटोजचंच घ्या. १ जून २०२१ पर्यंत ठरावीक क्वालिटीचे फोटो तिथे कितीही ठेवता यायचे, फुकटात. त्यानंतर ते १५ जीबीच्या कोट्यात मोजले जायला लागले. तिथून सगळं सामान बाहेर काढायला ‘टेकआउट’ ही सोय आहे. फोटो मिळतात, पण तुम्ही लिहिलेली वर्णनं वेगळ्या ‘जेसन’ फाइल्समध्ये येतात. सामान मिळालं, पण वेगळ्या टेम्पोतून! दोन्ही एकत्र जपावं लागतं.

वर्गणीवाल्या ‘लाइटरूम क्लासिक’मध्ये पैसे भरणं थांबवलं तर फोटो बघता आणि एक्स्पोर्ट करता येतात, पण ‘डेव्हलप’ची खोली बंद होते. त्यात एक पर्याय आहे, बदल आपोआप एक्सएमपीमध्ये लिहिण्याचा. तो मुद्दाम चालू करावा लागतो.

फुकट आणि ओपन सोर्स हवं असेल तर चेहरे, नावं आणि मांडामांडीसाठी ‘डिजिकॅम’ आहे. ते नावं फोटोच्या फाइलमध्ये लिहू शकतं. रॉ फोटोंसाठी ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’, जरा भारी एडिटिंगसाठी १९९६ पासून चालत आलेलं ‘गिम्प’ आणि पटकन बघणं-कापणं एवढंच काम असेल तर ‘इरफानव्ह्यू’ (हे फुकट आहे, पण ओपन सोर्स नाही). ओपन सोर्सचा फायदा असा की कोड सगळ्यांसमोर असतो. मूळ माणसांनी काम सोडलं तरी दुसरं कोणी पुढे नेऊ शकतं. पिकासाइतकं सोपं यातलं एकही नाही, हे आधीच सांगते. ते सोपेपण विसरा, म्हणजे त्रास कमी होईल.

निवड करताना फीचर्सची यादी वाचत बसू नका. आपलेच वीस फोटो घ्या आणि रोजची पाच कामं करून बघा. निवडणं, कापणं, उजळवणं, नाव देणं, पाठवणं. मग ते फोटो दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नाव दिसलं? उजेड दिसला? बास, मग ते सॉफ्टवेअर पास.

एका वीकेण्डचं काम

* जुन्या मशीनवर पिकासा असेल तर ते काढून टाकण्याआधी नावं फोटोत लिहून घ्या. एडिट केलेले फोटो ‘सेव्ह’ करा किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये एक्स्पोर्ट करा.

* कॉपी करताना लपवलेल्या फाइल्सही घ्या. ‘पिकासा डॉट आयएनआय’ला कचरा समजून डिलीट करू नका.

* नवीन मशीनसाठी पिकासा कुठल्याही अनोळखी साइटवरून उतरवू नका. गुगलने २०१६ मध्येच डाउनलोड बंद केलंय. बाहेर मिळणाऱ्या फाइलमध्ये आणखी काय भरलंय, ते सांगता येत नाही.

* एडिट केलेल्या आवडत्या फोटोंची एक जेपेग प्रत कायम ठेवा. जेपेग हे स्टँडर्ड १९९२ पासून आहे आणि जवळपास सगळीकडे उघडतं.

* दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

* बंद होण्याची घोषणा झाली की तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मुदत बहुतेक वेळा मिळते. पिकासाच्या डेस्कटॉपसाठी ती महिन्याभराची होती.

* आणि सगळ्यात आधी, ज्यांना नावं माहीत आहेत त्यांना फोन करा. हे काम कुठलंही अपडेट करणार नाही.

शेवटच्या टिपसाठी कॉम्प्युटरसुद्धा लागत नाही. या रविवारी मोबाइलमध्ये घरातल्या जुन्या ग्रुप फोटोचा एक फोटो घ्या, आजी-आजोबांच्या, आत्याच्या, मामांच्या शेजारी जाऊन बसा आणि डावीकडून सुरुवात करा. नावं लिहून घ्या. कागदावर लिहा, कॅप्शनमध्ये लिहा, पण फोटोबरोबर जातील अशी लिहा. चहा दोनदा होईल, एखादं जुनं भांडणही निघेल. निघू द्या. तेही लिहून ठेवा!